नीतीचा तास आणि विद्यार्थ्याची स्वतःची मूल्ये: अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी

दोन टोकांना टेकवलेल्या पोलादी पट्टीच्या मध्यावर वजने टांगायची आणि डायल गेजवर पट्टीचा वाक वाचायचा, हा प्रयोग अभियांत्रिकीच्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षी केलेला असतो. ५ न्यूटनला ०.४२ मिलिमीटर, १० ला ०.८४, १५ ला १.२६ अशी रीडिंग्ज ओळीने येतात आणि २० न्यूटनला काटा एकदम १.९० दाखवतो. रेषेच्या हिशेबाने तिथे १.६८ यायला हवे. अशा वेळी प्रयोगवहीत काय लिहिले जाते, हे प्रयोगशाळेत उभे राहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. हुशार विद्यार्थी १.६८ सुद्धा लिहीत नाही, तो १.७० लिहितो, कारण तंतोतंत आकड्याचा संशय येतो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नीती शिकवायला सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी या १.७० कडे बोट दाखवतो. पहिल्या तासाला फळ्यावर एवढेच आकडे लिहावेत आणि चौथ्या आकड्याची कथा सांगून वर्गाला एकच प्रश्न विचारावा: १.७० लिहिताना तो विद्यार्थी काय सांभाळत होता? ‘हे बरोबर की चूक’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सर्वांना पाठ असते आणि ते दिले की वर्ग मोकळा होतो. ‘काय सांभाळत होता’ असे विचारले की आधी थोडे हसू येते आणि मग खरी उत्तरे येऊ लागतात. प्रयोग पुन्हा करावा लागला असता तर जोडीदाराची बस चुकली असती. सरांनी इतके समजावून सांगितले होते, त्यांच्यासमोर चुकीचा आलेख नेणे बरे दिसले नसते. सूत्र तर बरोबरच आहे, मग यंत्राच्या एका खोडीसाठी सगळे का बिघडवायचे? ही उत्तरे फळ्यावर उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या मागचे मूल्य वर्गाकडूनच काढून घ्यावे. जोडीदाराशी निष्ठा, ज्येष्ठांचा आदर, वेळेची किंमत, शास्त्रावरचा विश्वास अशी यादी तयार होते. त्यात एकही दुर्गुण नसतो.

या पद्धतीचा सगळा डोलारा याच एका निरीक्षणावर उभा आहे. आपल्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांकडे मूल्यांची वाण नसते; ती घरातून, खेळाच्या मैदानातून, श्रद्धेतून, मैत्रीतून त्यांच्याकडे आलेलीच असतात. चुकीचा आकडा लिहिला जातो तो बहुतेक वेळा एका चांगल्या मूल्याने दुसऱ्या चांगल्या मूल्याला गप्प केल्यामुळे. त्यामुळे मूल्ये बाहेरून भरणे हे शिक्षकाचे काम नाही. जी आहेत ती बोलती करायची, एकमेकांशी कुठे भिडतात ते विद्यार्थ्याला त्याचे त्यालाच पाहू द्यायचे आणि भिडल्यावर काय करायचे याचा सराव द्यायचा, एवढे काम त्याने करावे. ते एका सत्राला पुरून उरते.

मूल्ये बोलती करणे

मूल्यांच्या तयार याद्या पुष्कळ आहेत. मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या यादीत अठरा ध्येयमूल्ये (आयुष्यात काय गाठायचे) आणि अठरा साधनमूल्ये (ते गाठताना कसे वागायचे) आहेत. दुसरे मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्ये एका वर्तुळात मांडली. श्वार्ट्झ यांचे वर्तुळ शिक्षकाने स्वतः समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात शेजारची मूल्ये एकमेकांना धरून असतात आणि समोरासमोरची एकमेकांना ताणतात. ‘सगळीच मूल्ये मला सारखीच महत्त्वाची’ हे विधान टिकत का नाही, ते त्यावरून चटकन कळते. मात्र यादी पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नये. यादी दिली की साठपैकी पंचावन्न जण ‘प्रामाणिकपणा’वर खूण करतात आणि उरलेले ‘कठोर परिश्रमां’वर. त्यातून शिक्षकाला काही कळत नाही आणि विद्यार्थ्यालाही नाही.

त्याऐवजी प्रत्येकाने अर्ध्या पानावर दोन प्रसंग लिहावेत. एक, कोणी पाहत नसताना केलेले असे काम, ज्याचे आजही बरे वाटते. दुसरा, स्वतःच केलेले किंवा करू दिलेले असे काम, ज्याची आठवण नकोशी वाटते. लिहायला पंधरा मिनिटे द्यावीत आणि हे पान गोळा केले जाणार नाही, मोठ्याने वाचायला लावले जाणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे व पाळावे. शिक्षकाने स्वतःचा एक प्रसंग आधी सांगावा, पण तो साधा असावा. आपण मोठ्या अधिकाऱ्यासमोर ताठ उभे राहिलो वगैरे पराक्रम सांगितला की विद्यार्थीही पराक्रमच शोधू लागतात आणि ज्यांच्याकडे तो नसतो ते पान कोरे ठेवतात. मी स्वतः उत्तरपत्रिका तपासताना एका कंटाळलेल्या रात्री शेवटच्या दहा घाईने उरकल्याचे सांगतो. त्यानंतर वर्गात पेन चालू लागतात.

मग त्या प्रसंगांतून मूल्य काढायचे, पण नामात नव्हे, वाक्यात. ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द कोणाच्याही गळ्यात बसतो. ‘मला जे माहीत नाही ते माहीत आहे असे मी भासवणार नाही’ हे वाक्य मात्र एकाच माणसाचे असते. विद्यार्थ्याने अशी तीन ते पाच वाक्ये तयार करावीत. वाक्य जमले की नाही याची कसोटी सोपी आहे: आज दिवसभरात ते पाळले गेले की मोडले, हे रात्री झोपताना सांगता आले पाहिजे. ‘मी समाजाचे भले करीन’ हे या कसोटीला उतरत नाही; ‘मी वाचल्याशिवाय सही करणार नाही’ हे उतरते.

प्रत्येक वाक्यासमोर एक मोकळा रकाना ठेवून त्यात किंमत लिहायला सांगावी. हे वाक्य पाळण्यासाठी मी काय गमवायला तयार आहे: अर्धा तास, पाच गुण, मित्राची आठवडाभराची नाराजी, पहिली बढती, की नोकरी? या रकान्यात विद्यार्थी जास्त वेळ रेंगाळतात आणि ते योग्यच आहे. अनेकांच्या लक्षात येते की ज्या मूल्यासाठी आपण नोकरी सोडू असे लिहिले, त्यासाठी गेल्या आठवड्यात पाच गुणही सोडले नव्हते. हे त्यांना शिक्षकाने सांगू नये. पान त्यांच्या हातात असते, वाचता त्यांना येते.

इथे एक पथ्य कसोशीने पाळावे. मूल्य कुठून आले हे सांगण्याची मुभा असावी, सक्ती नसावी. कोणाचे मूल्य धर्मातून आलेले असते, कोणाचे घरातल्या भांडणातून, कोणाचे एखाद्या दुःखातून. वर्गाने त्या उगमाचा न्याय करायचा नाही; त्या मूल्यातून निघालेल्या अभियांत्रिकी निर्णयाची मात्र खुशाल उलटतपासणी करायची. ही सीमारेषा पहिल्याच तासाला आखून दिली नाही, तर चौथ्या तासाला दोन विद्यार्थ्यांत कायमचे वितुष्ट आलेले असते.

घटना शिकवताना निर्णयाच्या आधी थांबणे

स्वतःची वाक्ये हातात आल्यावरच घटनांकडे वळावे. एरवी क्रम उलटा असतो: आधी दुर्घटना, मग ‘यावरून काय शिकलो’. त्या क्रमात विद्यार्थी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो आणि मेलेल्यांविषयी हळहळून घरी जातो. त्याला त्या टेबलाभोवतीच्या खुर्चीत बसवायचे असेल, तर घटना निर्णयाच्या क्षणाआधी थांबवली पाहिजे.

चॅलेंजर अवकाशयानाची आदली रात्र यासाठी फार उपयोगी आहे. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी यान उडायचे होते आणि हवा गोठणबिंदूच्या आसपास जाण्याचा अंदाज होता. बूस्टर रॉकेटच्या जोडांमधली रबरी वर्तुळे, म्हणजे ओ-रिंग, थंडीत कडक होतात आणि वेळेवर जागा धरत नाहीत, अशी भीती रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांना होती. त्यांच्यापैकी रॉजर बॉइजोली यांनी जुलै १९८५ मध्येच तसे लेखी कळवले होते. २७ च्या संध्याकाळी दूरध्वनीवरून बैठक झाली. कंपनीने आधी सांगितले की ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये. यापेक्षा कमी तापमानाचा अनुभवच गाठीशी नव्हता.

वर्गात इथे थांबावे आणि फक्त ज्या उड्डाणांत रिंगांना इजा झाली त्यांचा तापमानानुसार आलेख द्यावा. ठिपके थंडीतही दिसतात आणि उबेतही. ठोस संबंध दिसत नाही. गटांना दहा मिनिटे देऊन ‘उडवायचे की नाही’ याचा निर्णय लेखी घ्यावा. पुष्कळ गट चाचरत का होईना, उडवतात. मग दुसरा आलेख द्यावा, ज्यात इजा न झालेली उड्डाणेही आहेत. आता दिसते की ६३ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून थंड हवेत झालेल्या चारही उड्डाणांत इजा झाली होती आणि ६६ अंश किंवा त्याहून उबदार हवेत झालेल्या वीसपैकी फक्त तिनांत. चौकशी आयोगाने नेमके हेच दाखवून दिले. वर्गात त्या वेळी जी शांतता पसरते, ती बिघडवू नये. थोड्या वेळाने कोणीतरी स्वतःहून म्हणतो की हे तर आमच्या प्रयोगवहीसारखेच झाले, काही ठिपके आलेखावर आलेच नाहीत. कोणी म्हटले नाही, तर शिक्षकाने फक्त १.९० हा आकडा फळ्यावर लिहावा.

पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. ग्राहक असलेल्या अवकाशसंस्थेने नाराजी दाखवल्यावर कंपनीने बैठकीतून बाजूला होऊन आपापसांत चर्चा केली. त्या चर्चेत वरिष्ठ अधिकाऱ्याने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला सांगितले की अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाल. शिफारस बदलली गेली. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यानाचे हवेतच तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आता प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पाच वाक्यांपैकी कोणती वाक्ये त्या उपाध्यक्षाच्या बाजूने उभी राहिली असती, ते शोधावे. बाजूने, विरोधात नव्हे. ‘मी संघाचा निर्णय मोडणार नाही’, ‘मी ग्राहकाला दिलेला शब्द पाळीन’, ‘पुरावा असल्याशिवाय मी घाबरवणारे बोलणार नाही’ ही वाक्ये वर्गातल्या पानांवर हमखास असतात आणि तीच त्या रात्री उड्डाणाच्या बाजूने बोलली असती. आपलेच चांगले वाक्य चुकीच्या बाजूला सापडणे, हा या पद्धतीतला सर्वांत किमती क्षण आहे. विद्यार्थी मग वाक्य बदलतात: ‘पुरावा नसताना धोका कोणी पत्करायचा, हे मी आधी विचारीन.’

चॅलेंजरसारख्या घटनांचा एक तोटाही आहे. नीती म्हणजे मोठ्या आपत्तीच्या आदल्या रात्री लागणारी गोष्ट, असा समज त्यातून होतो. म्हणून लगेच पुढच्या तासाला अगदी रटाळ वाटणारी घटना घ्यावी. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात एकाखाली एक असे लोंबते पादचारी पूल होते. १७ जुलै १९८१ रोजी ते कोसळून ११४ माणसे मेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकच लोखंडी सळई वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाऊन खालच्या पुलाला धरणार होती. एवढ्या लांब सळईवर आटे पाडणे गैरसोयीचे, म्हणून सांगाडा बनवणाऱ्यांनी दोन सळया सुचवल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का बसला.

यावर भाषण करू नये. फळ्यावर दोन आकृत्या काढून प्रत्येकाला वरच्या तुळईखालच्या नटवरचा भार काढायला सांगावा. पहिल्या आकृतीत तो एका पुलाचा, दुसऱ्या आकृतीत दोन पुलांचा; पाच मिनिटांचे गणित आहे आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येते. एका दोराला दोन माणसे स्वतंत्रपणे लटकली, तर प्रत्येकाच्या हातावर आपलेच वजन असते. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, की वरच्याच्या हातावर दोघांचे. मूळ रचनासुद्धा नियमाने मागितलेल्या ताकदीच्या सुमारे साठ टक्केच होती, हे नंतरच्या तपासात निघाले. जबाबदार अभियंत्यांचे परवाने रद्द झाले. हे सगळे सांगून झाल्यावर ‘मी वाचल्याशिवाय सही करणार नाही’ हे वाक्य ज्याच्या पानावर असेल, त्याला त्याची किंमत आता पाच मिनिटे इतकी नेमकी लिहिता येते. नीतीचा तास स्थितिकीच्या, म्हणजे स्थिर रचनांवरच्या भारांच्या गणिताच्या, तासासारखा वाटला पाहिजे, असे मी म्हणतो ते यासाठी.

संगणक शाखेच्या वर्गाला पूल दूरचा वाटतो. तिथे थेराक-२५ घ्यावे. कर्करोगाच्या उपचारासाठीच्या या किरणोत्सर्ग यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रचंड मात्रा दिली. आधीच्या यंत्रांत असलेली यांत्रिक अटकाव-व्यवस्था काढून सुरक्षिततेचा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता, आणि पडद्यावर बिघाडाचे संदेश इतक्या वेळा येत की एक कळ दाबून पुढे जाण्याची चालकांना सवय झाली होती. स्वतःच्या प्रकल्पात ‘वॉर्निंग’कडे दुर्लक्ष करून प्रोग्रॅम चालवणाऱ्याला यावर फार सांगावे लागत नाही.

न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प मनोऱ्याची घटना मी शेवटी ठेवतो, कारण तिचे उत्तर माझ्याकडेही पक्के नाही. मनोरा १९७७ मध्ये पूर्ण झाला आणि १९७८ मध्ये त्याचे संरचना अभियंता विल्यम लेमेशुरिए यांना स्वतःच कळले की कोपऱ्यांवरून येणाऱ्या वाऱ्याला, वेल्डिंगऐवजी बोल्टने केलेले जोड पुरे पडणार नाहीत. त्यांनी मालकाला ते सांगितले आणि रात्री-रात्री वेल्डिंग करून जोड मजबूत करण्यात आले. शहरातल्या लोकांना मात्र हे १९९५ पर्यंत कळले नाही. चूक कबूल करण्याचे धैर्य एकीकडे आणि ज्यांच्या डोक्यावर मनोरा उभा होता त्यांच्यापासून लपवणे दुसरीकडे; एकाच माणसात दोन्ही. वर्ग इथे दुभंगतो आणि त्याला दुभंगू द्यावे. शिक्षकाने आपले मत विचारल्यास सांगावे, पण तासाच्या शेवटच्या मिनिटाला.

बोलायचे वाक्य तयार करणे

मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी १९८० च्या दशकात नैतिक वर्तनाचे चार घटक मांडले: प्रसंगात नैतिक प्रश्न आहे हे ओळखणे, योग्य काय ते ठरवणे, इतर हितसंबंधांपेक्षा त्याला वरचे स्थान देणे आणि ते तडीस नेण्याइतका धीर व कौशल्य असणे. आपले बहुतेक तास दुसऱ्या घटकातच संपतात. वर्गात सर्वांना योग्य काय ते कळते. पण नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात वरिष्ठांच्या टेबलासमोर उभे राहिल्यावर शब्द सापडत नाहीत. त्याचा सराव वर्गातच व्हायला हवा.

पद्धत अशी: दोघांची जोडी, एक नवा अभियंता आणि एक वरिष्ठ. प्रसंग हयातसारखाच, ड्रॉइंगमधला जोड बदलला आहे आणि सही हवी आहे. पहिल्या फेरीत नवा अभियंता बहुधा म्हणतो, “सर, हे चुकीचे आहे, मी सही करणार नाही.” वरिष्ठाची भूमिका करणाऱ्याला चार उत्तरे आधीच देऊन ठेवावीत, कारण जगभर तीच चार चालतात: सगळे असेच करतात, फार छोटी गोष्ट आहे, आत्ता वेळ नाही, ही तुझी जबाबदारी नाही. पहिल्या फेरीत संवाद दुसऱ्याच वाक्याला तुटतो, कारण ‘चुकीचे’ या शब्दाने वरिष्ठाचा स्वाभिमान दुखावलेला असतो आणि बोलणे दोषावर गेलेले असते, जोडावर नाही.

मग जोडीने बसून वाक्य लिहून काढायचे. त्यात एक तथ्य, एक विनंती आणि एक स्वतः करायचे काम असावे. माझ्या वर्गातून घडत-घडत आलेले एक वाक्य असे आहे: “सर, बदललेल्या जोडाची आकडेमोड मला फाइलमध्ये सापडली नाही. मी ती चार वाजेपर्यंत करून आणतो. तोवर हे ड्रॉइंग पुढे पाठवू नये, अशी विनंती आहे.” “अहो, त्यांचा दोनदा फोन येऊन गेला.” “त्यांना चार वाजताची वेळ मी कळवतो, सर. आकडेमोड जुळली तर आजच पाठवता येईल.” “आणि नाही जुळली तर?” “तर आज पाठवले नाही हे बरेच झाले म्हणायचे.” हे शेवटचे वाक्य एका विद्यार्थिनीला ऐनवेळी सुचले होते आणि वरिष्ठ झालेला तिचा सहकारी निरुत्तर झाला. दरवेळी असे होत नाही. म्हणून पुढची पायरीही शिकवावी: नकार मिळाल्यास तोच मजकूर त्याच दिवशी तीन ओळींत लिहून पाठवणे, त्यानंतर कोणाकडे जायचे हे आधी माहीत करून घेणे आणि एकटे न जाता आकडेमोड पडताळलेला एखादा सहकारी सोबत नेणे.

भूमिका नंतर उलटवाव्यात. बुजऱ्या विद्यार्थ्याला वरिष्ठ करावे. दबाव टाकणे किती सोपे आणि किती नकळत होते, हे त्याला आतून कळते आणि उद्या तो वरिष्ठ होणारच असतो.

स्वतःची मूल्ये जिथे अपुरी पडतात

या पद्धतीवर एक रास्त आक्षेप घेतला जातो: सगळे जर स्वतःच्या मूल्यांवरच सोडले, तर ‘ज्याचे त्याचे मूल्य’ असे होऊन बसेल. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या पानांतच सापडते. पाचव्या-सहाव्या तासाला व्यावसायिक आचारसंहिता वर्गात आणावी आणि प्रत्येकाने आपली वाक्ये तिच्याशेजारी ठेवावीत. काय जुळते, कशाचा संघर्ष होतो आणि काय आपल्याकडे मुळीच नाही, ते शोधावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ सर्वांचे एकच निघते: अनोळखी माणूस. आपली मूल्ये ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये घडतात. आई-वडील, मित्र, शिक्षक, संघ यांच्याशी कसे वागावे हे ती सांगतात. अभियंत्याच्या चुकीची झळ मात्र अशा माणसाला बसते, ज्याला त्याने कधी पाहिलेले नसते आणि ज्याने त्या अभियंत्याच्या मूल्यांना कधी संमती दिलेली नसते.

संहिताही याच वाटेने आल्या आहेत, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९१२ मध्ये स्वीकारलेल्या संहितेत ग्राहकाच्या किंवा मालकाच्या हिताचे रक्षण हे अभियंत्याचे पहिले व्यावसायिक कर्तव्य मानले होते. जनतेची सुरक्षितता सर्वोपरी, हे सूत्र अभियंत्यांच्या संहितांमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. म्हणजे निष्ठेकडून अनोळखी माणसाकडे येण्याचा जो प्रवास वर्ग एका सत्रात करतो, तोच करायला या व्यवसायाला काही दशके लागली. एवढे कळल्यावर संहिता ही वरून लादलेली नियमावली वाटत नाही आणि आपले वाक्य दुरुस्त करायला विद्यार्थी कचरत नाहीत.

‘ज्याचे त्याचे मूल्य’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात मी तास घालवत नाही. त्याला एवढेच करायला सांगतो की त्याने आपला निर्णय आणि त्यामागचे मूल्य त्या पुलावरून चालणाऱ्या माणसाला उद्देशून पत्राच्या रूपात लिहावे. वाहनाच्या चाचणीपुरते प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने, म्हणजे २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या फोक्सवॅगनच्या प्रकरणात घडले तसे काम करणाऱ्याने, हे पत्र कसे लिहिले असते, हेही विचारता येते. बहुतेकांचे पत्र दुसऱ्या परिच्छेदात अडते.

गुण कशाला द्यायचे

मूल्यांना गुण देऊ नयेत. दिले की पुढच्या आठवड्यापासून सगळी पाने सारखी दिसू लागतात. गुण द्यावेत ते कौशल्याला: तांत्रिक तथ्ये अचूक हेरली का, कोणाकोणावर परिणाम होतो ते शोधताना अनुपस्थित माणसे आठवली का, दोनपेक्षा जास्त पर्याय काढले का, स्वतःच्या आवडत्या मूल्याविरुद्ध जाणारा युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडला का, आणि बोलायचे वाक्य खरोखर बोलता येण्याजोगे आहे का. सत्राच्या सुरुवातीची व शेवटची वाक्ये शेजारी ठेवून काय बदलले आणि का, यावर एक पानी लेख घ्यावा. काहीच बदलले नसेल तर तेही चालते, पण त्याचे कारण सांगता आले पाहिजे. वर्ग मोठा असल्यास गटचर्चेचा हट्ट सोडून जोड्या कराव्यात. साठ जणांत गट केले की दहा जण बोलतात, तीस जोड्या केल्या की साठही.

आणि एक काम शिक्षकांनी स्वतःच्या बाजूने करायचे आहे, जे मला सुचायला बरीच वर्षे लागली. नीतीच्या तासाला आपण काहीही शिकवले आणि प्रयोगशाळेत सरळ रेषेला पूर्ण गुण व वाकड्या ठिपक्याला कमी गुण दिले, तर विद्यार्थी प्रयोगशाळेवर विश्वास ठेवतात. म्हणून प्रयोग घेणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलून प्रयोगवहीच्या तक्त्यात ‘न जुळणारे रीडिंग व त्याचे संभाव्य कारण’ असा एक रकाना वाढवून घ्यावा आणि तो भरल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत, उलट कारण शोधल्यास मिळतील, असे लेखी ठरवावे. पहिले काही आठवडे तो रकाना कोरा राहतो. नंतर तिथे नोंदी दिसू लागतात. अलीकडेच एका वहीत पाहिली: “२० न्यूटनला १.९० आले. डावा टेकू सरकलेला होता. बसवून पुन्हा घेतले, १.६९. आधीचे खोडलेले नाही.”